बदकाच्या स्टिकरचा टॅब

१२ एप्रिल

धाकटे,

हे पत्र कामाचं आहे, तेव्हा फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर त्यापुढे एकच बारीक खूण येते, दुसरी येतच नाही. शेजारीण म्हणाली, याचा अर्थ तुम्हाला ब्लॉक केलंय. केलंस तर केलंस. पोस्टमनला अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही.

मी या महिनाअखेर निवृत्त होतेय. छत्तीस वर्षं झाली. पहिलीच्या वर्गातलं ते लोखंडी कपाट रिकामं करून द्यायचं म्हणून चार दिवस खपत होते. खडूंचे खोके, मणी मोजायच्या फ्रेमा, एक बूट (एकच, आणि तोही डावा), असं काय काय निघालं. सगळ्यात खाली जुन्या पाट्यांचा ढीग होता. त्याच्या मागे एका कापडी पिशवीत टॅब सापडला. बारा नंबरचा, मागे पिवळ्या बदकाचा स्टिकर असलेला. तो तिथे कसा गेला कोण जाणे. पोरांनीच कुणीतरी पाडला असेल आणि मार बसेल म्हणून दडवला असेल.

कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो आपल्याच हाताखालून गेलेला, आता चांगला पोट सुटलेला माणूस आहे, पण मला बघून अजून उभा राहतो. त्याने काच बदलली, आतली बॅटरी बदलली आणि टॅब सुरू झाला. पण तो चार आकडी नंबर मागतो. मी तीन दिवस बसून आपल्या सगळ्यांच्या वाढदिवसांचे आकडे टाकले. आईचा टाकला, तुझा टाकला, शाळेच्या स्थापनेचं वर्षसुद्धा टाकलं. त्याने दाद दिली नाही.

नंबर तेवढा कळव. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

ताई


२६ एप्रिल

धाकटे,

कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर फक्त ‘१२३४’. आठ वर्षांत तुझ्या हातचं आलेलं पहिलं पत्र, आणि त्यात चार आकडे! तरी मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं होतं काहीतरी गहन असेल. सहा वर्षांच्या पोरांना लक्षात राहायला हवं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. छत्तीस वर्षं पहिलीला शिकवून ही अक्कल.

टॅब उघडला. आत लाल बटणाची ती तुझी खिडकी आहे आणि तिच्याखाली नावांची रांग. त्या न बोलणाऱ्या पोरीच्या नावाच्या जागी तू नुसतं बदकाचं चित्र ठेवलंयस, तिथे एकोणीस ध्वनिमुद्रणं आहेत. अजून ऐकली नाहीत. चष्मा बदलायचाय माझा.

हो, ऐकायला चष्मा लागत नाही, मला माहीत आहे.

तुला सगळं पाठ आहे, पण मला एकदा ओळीने लिहून काढू दे. डोकं जाग्यावर येतं.

पहिलीचा वर्ग आपल्या दोघींचा होता. मधल्या सुट्टीपर्यंत माझा, नंतर तुझा. पोरं मला ‘मोठ्या बाई’ म्हणायची आणि तुला ‘धाकट्या बाई’. त्या वर्षी ती पोर आली. इस्त्रीच्या दुकानवालीची मुलगी, दोन वेण्या, खिशात कायम एक कापसाचा बोळा. वर्षभर वर्गात एक अक्षर बोलली नाही. हजेरीला हात वर करायची. तहान लागली की नळाकडे बोट. मी तिला म्हणायचे, ‘मिठाची गुळणी धरलीयस का गं?’ आणि मग वर्गात तिचं नावच ‘गुळणी’ पडलं. पोरं हसायची. मीही हसायचे. तू एकदाही हसली नाहीस, हे मला तेव्हासुद्धा खटकलं होतं.

मग ते बारा टॅब आले. मी काय काय बोलले ते तुला आठवत असेलच. ‘पोरांच्या हातात पाटी द्यायची सोडून काच दिली.’ तू म्हणालीस, ‘ताई, एकदा बघ तरी.’ मी पाहिलं नाही. कॉरिडॉरमधून येता-जाता दिसायचं तेवढंच. पोरं चित्र बघून गोष्ट सांगायची, लाल बटण दाबून, आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून खुदुखुदू हसायची. चुकलेलं स्वतःच ओळखायची आणि पुन्हा सांगायची. मी चूक दाखवली की रडणारी पोरं, स्वतःची चूक स्वतः पकडली की टाळ्या पिटायची. हे मला दिसत होतं. आवडत नव्हतं, एवढंच.

त्या पोरीसाठी तू वेगळं करायचीस. सुट्टीत तिला एकटीला वर्गात बसवायचीस, टॅब पुढ्यात ठेवायचीस, लाल बटण दाबायचीस आणि बाहेर जाऊन पायरीवर बसायचीस. दार लोटलेलं. तू म्हणायचीस, ‘ती बोलते ताई, फक्त कुणी बघत नसलं की.’ मी म्हणायचे, ‘भिंतीशी बोलणं म्हणजे बोलणं नव्हे.’

आणि मग ती शुक्रवारची बैठक. वरून तपासणीच्या मॅडम आल्या होत्या, मुख्याध्यापक होते, तिची आई होती. प्रश्न एकच, पोरीला इथेच ठेवायचं की ऐकू न येणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत पाठवायचं. दुसरी कुठली सोय आसपास नव्हती. आई सांगत होती, ‘घरी बोलते हो ती, टकळी चालू असते.’ पण आया असंच म्हणतात, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तू म्हणालीस, ‘माझ्याकडे पुरावा आहे,’ आणि टॅब उघडलेस. अकराच्या अकरा कोरे. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ : ‘स्वागत आहे. भाषा निवडा.’

यंत्रं आपोआप पुसली गेली असतील, असं मुख्याध्यापक म्हणाले. यंत्राचा काय भरवसा. मलाही तसंच वाटलं.

ताई


१० मे

धाकटे,

मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. मुख्याध्यापक तसं म्हणाले हे खरं. मला तसं वाटलं हे खोटं.

टॅब मी पुसले.

लिहिलं एकदाचं. मधे उठून चहा केला, तो तसाच निवला.

मला एक सवय आहे, तुला ठाऊक आहे. शाळा सुटताना पोरांनी पाट्या पुसून ठेवायच्या, आणि पोरं गेली की मी स्वतः ओल्या फडक्याने सगळ्या पुन्हा पुसायच्या. छत्तीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही. ‘कालच्या चुका उद्याच्या पाटीवर नकोत’, हे माझं ठरलेलं वाक्य. टॅब घेऊन आलेल्या माणसाने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता : वर्षअखेर सर्व टॅब कोरे करून ठेवावेत. आणि कसं करायचं तेही. दोन बटणं एकदम दाबून धरायची. नंबरबिंबर काही लागत नाही. त्या यंत्रातलं मला येत असलेलं तेवढं एकच काम.

गुरुवारी शाळा सुटल्यावर पाट्या पुसल्या आणि तो कागद दिसला. वर्षाचा शेवटचा आठवडा होता. मी ओळीने अकरा टॅब टेबलावर मांडले. एकेकाला पाच मिनिटं. तुला सांगू? मला मजा आली. वाटलं, उद्या धाकटी येईल, बघेल, म्हणेल, ‘अगं ताई, तुला जमलं की!’ तू तसं म्हणावंस म्हणून मी ते केलं गं. त्यात त्या पोरीचा आवाज आहे हे डोक्यातसुद्धा आलं नाही. पाटीवर लिहिलेलं जपून ठेवायचं असतं, ही कल्पनाच मला नव्हती.

ही चूक झाली. चुकीचं मला एवढं वाईट वाटत नाही. शुक्रवारी, पहिल्या टॅबवर ‘भाषा निवडा’ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याच्या वेळी तोंड उघडलं होतं मी. तू पुढचा टॅब ओढलास. तिसरा, चौथा… आणि मग फार उशीर झाला, असं वाटलं. चार टॅबांनी काय उशीर होतो? पण वाटलं. त्या मॅडम सगळं टिपून घेत होत्या. मोठ्या बाई, अठ्ठावीस वर्षं नोकरी, आणि यांनी पुरावा पुसला, असं कागदावर येईल. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि मिठाची गुळणी धरली. ती आठ वर्षं तोंडातच आहे.

त्यांनी तुला विचारलं, तुमच्याशिवाय कुणी हा आवाज ऐकलाय का. तू नाही म्हणालीस. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. बाईंनी मनाने रचलंय, असं. तू त्याच महिन्यात राजीनामा दिलास.

आणि बदकवाला टॅबही कुणा पोराने दडवलेला नाही. त्या हिवाळ्यात फडकं मारताना माझ्याच हातून पडला. काच गेली. तुला सांगितलं की दुरुस्तीला दिला आणि तिथेच हरवला. पाट्यांमागे टाकला आणि विसरले. ती पोर त्यानंतर तीन आठवडे दुसऱ्या कुठल्या टॅबशीही बोलली नव्हती. तू कारण शोधून थकलीस. कारण माझ्या कपाटात होतं.

ताई


१४ मे

धाकटे,

मागच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. येऊ नये असंच ते होतं. पण अजून एक राहिलंय आणि ते लिहिल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

काल ऐकली. सगळी एकोणीस.

पहिल्या सहांत नुसता श्वास आहे आणि बाक सरकल्याचा आवाज. सातव्यात ती हळूच म्हणते, ‘बदक.’ मग बरंच थांबून, ‘पिवळं.’ दहाव्यापर्यंत गाडी रुळावर येते. बदकाला नदी सापडत नाही, मग ते नळावर जातं, नळाला पाणी नसतं, मग ते मुख्याध्यापकांकडे तक्रार करतं. मी एकटी बसून हसले.

सतराव्यात ती शाळा-शाळा खेळते. एकटीच. बाई तीच. आणि बाई म्हणजे मी! अगदी माझा आवाज, माझा खाकरा, माझं ते ‘हंऽऽ, कुठे चाललं लक्ष’. वर्षभर माझ्यापुढे दगडासारखी बसलेली पोर मला शब्दन् शब्द ऐकत होती. हजेरी घेते, एकेकाला उभं करते, शाबास म्हणते. शेवटी म्हणते, ‘चला, घंटा झाली. पाट्या दप्तरात ठेवा. आज पुसायच्या नाहीत. आज छान आल्यात.’

माझ्याच आवाजात. जे मी एकदाही म्हटलं नाही ते.

आता ते राहिलेलं. एकोणिसाव्यात ती गोष्ट सांगत असते, मोठ्याने, आणि मधेच दार वाजतं. आणि कोण बोलतं? मी. ‘कोण बोलतंय गं आत?’ ती चिडीचूप. मग मीच, जवळून, ‘अगं बाई, गुळणी सुटली की काय?’ आणि मग तू धावत आल्याचं ऐकू येतं. ‘ताई, चल ना, चल बाहेर.’

तेव्हा, धाकटे, तुझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं असं नव्हे. मी ऐकलं होतं. दारात उभं राहून, पूर्ण दोन वाक्यं. तुला वाटलं मला नुसती कुजबुज आली असेल. आणि बैठकीत मॅडमनी मला सरळ विचारलं होतं, ‘मोठ्या बाई, तुम्ही वर्गशिक्षिका. तुम्ही कधी ऐकलंत?’ मी म्हणाले, ‘नाही.’

हे मी विसरले नव्हते. मनाच्या तळाशी पाट्यांमागे टाकलं होतं. का म्हणाले तेही सांगते. अठ्ठावीस वर्षांत ज्या पोरीला मी बोलती करू शकले नाही, ती माझ्या धाकट्या बहिणीच्या एका काचेशी बोलली. मला ते सोसलं नाही. बस्स, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

शिक्षा म्हणून तू काहीही लिही. नुसते आकडे पाठवू नकोस.

ताई


२ जून

धाकटे,

तुझं कार्ड आलं. ‘मला काय सांगतेस. तिच्या आईला सांग.’ दोनच वाक्यं, पण बरोबर. तू नेहमी कमी शब्दांत बरोबर असायचीस आणि मी जास्त शब्दांत चूक.

पाच दिवस नुसतीच त्या गल्लीच्या टोकाशी जाऊन परत आले. सहाव्या दिवशी आत गेले. इस्त्रीचं दुकान तिथेच आहे. एक टेबल, दोन इस्त्र्या, भिंतीवर हँगरची रांग, कडक इस्त्रीच्या गरम कपड्यांचा वास. तिच्या आईने मला ओळखलं. म्हणाली, ‘या मोठ्या बाई. कपडे आणलेत?’ मी म्हणाले, ‘नाही,’ आणि पिशवीतून टॅब काढला.

मी भाषण पाठ करून गेले होते. ते सोडून दिलं. सातवं मुद्रण लावलं.

‘बदक’ ऐकल्याबरोबर तिने इस्त्री उभी केली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. स्टुलावर बसली. शेवटपर्यंत ऐकलं. सतराव्याला तिला हसू आलं, मग तोंडावर हात धरला. मग मी सांगितलं. पुसल्याचं, आणि त्या ‘नाही’चं. तिने आरडाओरडा करावा असं मला वाटत होतं, म्हणजे मला खाली मान घालून ऐकता आलं असतं. ती म्हणाली, ‘मी ओरडून सांगत होते ना हो त्या दिवशी, घरी बोलते म्हणून? मला वाटायला लागलं होतं की मलाच भास होतो.’ मग म्हणाली, ‘सहा वर्षं हॉस्टेलवर होती, बाई. ऐकू येणारी पोर, ऐकू न येणाऱ्यांत. पहिलं वर्षभर रोज अंथरूण ओलं करायची. हातांनी बोलायला शिकली, छान शिकली. पण सुट्टीला घरी यायची तेव्हा माझ्याशीही हातांनीच बोलायची. मला ते हात कळायचे नाहीत.’

मी टॅब उचलून तिच्या हातात दिला.

तेवढ्यात ती आली. चौदा वर्षांची, माझ्याहून उंच. दोन वर्षं झाली, घरी आहे, नेहमीच्या शाळेत जाते, दोन इयत्ता मागे. आईने टॅब पुढे केला. पोरीने आधी तो उलटा केला आणि बदकावरून अंगठा फिरवला. मग दुकानाच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून सगळं ऐकलं. एकोणिसावंही. मी माझाच आवाज त्या गरम दुकानात ऐकत उभी होते. ‘गुळणी सुटली की काय.’

संपल्यावर ती वळली. मी म्हणाले, ‘बाळा, माझं चुकलं.’ मी पुन्हा म्हणाले, ‘धाकट्या बाई खऱ्या होत्या, मी खोटी. मी त्या लोकांना सांगेन.’ तिने मान हलवली, हो नाही आणि नाहीही नाही. मग इस्त्रीच्या टेबलावरचे कपडे नीट बाजूला केले, टॅब मधोमध ठेवला, स्टूल माझ्याकडे सरकवलं, आणि लाल बटण दाबलं. म्हणाली, ‘बोला.’

एवढंच. आवाज जरा जाड झालाय, पण तोच आहे.

आणि आईला हाताला धरून बाहेर गेली. दार लोटून घेतलं. फटीतून दिसत होतं, दोघी पायरीवर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. तू बसायचीस तशा.

धाकटे, मी छत्तीस वर्षं पोरांना ‘बोल, बोल’ म्हणत आले. समोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून. बोलायला किती वेळ लागतो हे मला त्या स्टुलावर कळलं. पहिली काही मिनिटं त्यात नुसता माझा श्वास आहे. कुणी आत डोकावलं नाही. कुणी घाई केली नाही. मग मी बोलले. माझं नाव, माझी नोकरी, तो गुरुवार, तो शुक्रवार, आणि त्या बैठकीतला माझा एक शब्द. तो शब्द खोटा होता, असं.

दार उघडलं तेव्हा तिने स्वतःच बटण बंद केलं. ऐकलं नाही. ‘धाकट्या बाईंना पाठवा,’ असं आईच्या तोंडून सांगितलं, हातांनी. आईला आता ते हात कळतात.

मुद्रणाची एक प्रत मी शाळेत दिली, एक तपासणीच्या ऑफिसात. दुरुस्तीवाल्याने करून दिल्या. नव्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी याचं काय करायचं. मी म्हणाले, फाईलला लावा. शाळा उघडल्यावर ठरलेला माझा निरोपसमारंभ रद्द झालाय, असं शिपायाकडून कळलं. बरं झालं, मला ते शालीबिलीचं ओझं नकोच होतं.

पोरीची वर्षं यातून परत येत नाहीत. तुझीही नाहीत. हे मला कुणी सांगायला नको.

सोबत पार्सलमध्ये टॅब आहे. नंबर तुला ठाऊकच आहे. विसावं मुद्रण माझं आहे. ऐकावंसं वाटलं तर एकटी असताना ऐक. नाही वाटलं तर राहू दे तसंच. फक्त पुसू नकोस.

ताई